चेहरा अजून त्याचाच दिसतो

ताई,

माझं नाव छापू नका. अकरा महिन्यांपूर्वी रात्री कामावरून परतताना जिन्यात एकाने चाकू दाखवून माझी पर्स हिसकावली. सगळा मिळून मिनिटभराचा प्रकार. दोन दिवसांनी पोलिसांनी मला सहा फोटो दाखवले, मी चार नंबरवर बोट ठेवलं. तीन आठवड्यांनी ओळख परेडमध्ये तोच माणूस उभा होता. मी एका क्षणात ओळखला. त्यानंतर तो ६३ दिवस आत होता.

मग भलत्याच गुन्ह्यात एक जण सापडला आणि त्याच्या खोलीत माझी पर्स आणि ओळखपत्र मिळालं. त्याने कबूलही केलं. पहिल्याला सोडून दिलं. मला हे पंधरा दिवसांनी, तेही दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याची नोकरी गेली, दोन लहान मुलं आहेत असं ऐकते. घरचे म्हणतात, तू मुद्दाम केलं नाहीस, सोडून दे. दीर हसून म्हणाले, चोर सोडून संन्याशाला फाशी, चालायचंच.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. डोळे मिटले की चाकू धरलेला माणूस मला अजून तोच दिसतो, ज्याला मी अडकवलं. खऱ्या चोराचा फोटो पाहिला तर तो अगदी परका वाटला. मी खोटारडी आहे का? की वेड लागतंय मला? त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या पाया पडावं असं सारखं वाटतं. जाऊ का?

– एक वाचक

जाऊ नका. निदान एवढ्यात तरी नको. का, ते पुढे सांगते. आधी तुमचा ‘खोटारडी की वेडी’ हा प्रश्न घेते, कारण झोप त्यानेच उडवली असावी असं मला वाटतं.

दोन्हीही नाही. तुम्हाला जे होतंय ते आणखी एका बाईला झालं होतं आणि तिने ते स्वतःच्या नावानिशी जगाला सांगितलं. जेनिफर थॉम्पसन तिचं नाव. १९८४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ती कॉलेजात शिकत होती. रात्री घरात शिरून एकाने तिच्यावर बलात्कार केला. त्याही अवस्थेत ती मनाशी घोकत होती, याचा चेहरा नीट बघून ठेवायचा, हा सुटता कामा नये. तिने फोटोंमधून रोनाल्ड कॉटनला निवडलं, मग रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून पुन्हा त्यालाच. कोर्टात शपथेवर तसं सांगितलं. पुढे १९८७ मध्ये दुसऱ्या खटल्याच्या वेळी बॉबी पूल नावाच्या माणसाला तिच्यासमोर आणलं, तर हा आपण आयुष्यात कधी पाहिलेला नाही असं तिला वाटलं. खरा गुन्हेगार तोच होता. १९९५ मध्ये डीएनए तपासणीत ते सिद्ध झालं आणि कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून बाहेर आला. एवढं होऊनसुद्धा थॉम्पसनच्या स्वप्नांत येणारा चेहरा कॉटनचाच राहिला. तो नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण स्वप्नाला ते कोण सांगणार?

तेव्हा खऱ्या चोराचा फोटो तुम्हाला परका वाटला यात नवल काही नाही. त्याचा चेहरा तुमच्यापाशी नीट उतरलाच नसणार. जिन्यात उजेड किती असेल ते मी सांगू शकत नाही, पण चाकू होता एवढं तुम्ही लिहिलंय. हत्यार समोर आलं की नजर हत्याराला चिकटते आणि चेहरा कडेला राहतो. मानसशास्त्रज्ञांनी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. मग त्या रिकाम्या जागी काय भरलं, हे तुमच्या पत्रातच आहे.

तुमची दोन वाक्यं मी शेजारीशेजारी ठेवून वाचली. फोटोंच्या वेळी तुम्ही म्हणता, ‘बोट ठेवलं’. परेडच्या वेळी म्हणता, ‘एका क्षणात ओळखला’. पहिल्या वेळी किती वेळ लागला? ते पत्रात नाही. तुम्ही ते लपवलं असं मी म्हणत नाही. दुसऱ्या वेळची खात्री मागे पसरते आणि पहिल्या वेळची चाचपड झाकून टाकते, असं सगळ्यांचंच होतं. सहा फोटो समोर ठेवले की माणूस ते एकमेकांशी ताडून बघतो आणि आठवणीच्या सगळ्यात जवळचा उचलतो. गॅरी वेल्स या मानसशास्त्रज्ञाने याच सवयीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. खरा माणूस त्या सहांत असेल तर सवय कामाला येते. तो त्यात नसेल, तरी कुणीतरी एक ‘सगळ्यात जवळचा’ असतोच. तुमच्या सहांत तो नव्हता. तीन आठवड्यांनी परेडमध्ये जे चेहरे होते, त्यांतला एकच तुम्ही आधी पाहिलेला होता. तुम्ही त्याला ओळखलंत हे खरंच आहे, फक्त ती ओळख जिन्यातली नव्हती, फोटोतली होती.

आणखी एक विचारते. बोट ठेवल्यावर समोरचे साहेब काही बोलले का? ‘बरोबर’, ‘शाब्बास’, ‘आमचाही संशय त्याच्यावरच होता’ असं काही? नुसती मान हलवली असेल तरी चालेल. वेल्स आणि त्यांच्या सहकारी एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सुरक्षा कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं आणि मग असे फोटो दिले, ज्यांत खरा माणूस नव्हताच. निवड झाल्यावर काहींना सांगितलं, छान, तुम्ही संशयिताला ओळखलंत. एवढ्या एका वाक्याने त्यांची खात्री वाढली. तेवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं, पण आपल्याला चेहरा स्पष्ट दिसला होता, आपण नीट लक्ष दिलं होतं, असंही ते सांगू लागले. शाबासकी मागे जाऊन आठवणसुद्धा बदलून आली.

चेहरा किती विचित्र ठिकाणी बसू शकतो याचा मला माहीत असलेला सगळ्यात अजब नमुना ऑस्ट्रेलियातला आहे. डोनाल्ड थॉमसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला १९७० च्या दशकात बलात्काराच्या संशयावरून पकडलं होतं. पीडित बाईने त्याला खात्रीने ओळखलं होतं. पण गुन्ह्याच्या वेळी हा गृहस्थ टीव्हीवर थेट प्रसारणात बोलत होता. हल्ल्याच्या आधी तिच्या घरात तोच कार्यक्रम चालू होता आणि पडद्यावरचा चेहरा हल्लेखोराच्या धडावर जाऊन बसला. थॉमसनचा अभ्यासाचा विषय स्मरणशक्ती हाच होता, हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. तो सुटला, कारण त्या वेळी तो कुठे होता हे सगळ्या शहराने पाहिलं होतं. तुमचा चार नंबर त्या रात्री बहुधा घरी झोपला असेल, आणि झोपेला साक्षीदार नसतो.

अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या ३७५ जणांपैकी सुमारे ६९ टक्के जणांच्या खटल्यात कुणीतरी चुकीची ओळख पटवलेली होती. त्यातले बहुतेक साक्षीदार खोटं बोलत नव्हते. आपण खरं तेच सांगतोय असं त्यांना वाटत होतं.

आता तुमच्या घरच्यांकडे वळते. ‘मुद्दाम केलं नाहीस’ इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. ‘सोडून दे’ हे मला पटत नाही. आणि दीरांची म्हण ऐकून मला नेहमी वाटतं ते लिहूनच टाकते: त्या म्हणीत संन्याशाचं नंतर काय झालं हे कुणी विचारत नाही, कारण तो मेलेला असतो. तुमचा संन्यासी जिवंत आहे. सकाळी उठून तो नोकरी शोधायला जातो आणि समोरचा विचारतो, मधले दोन महिने कुठे होता?

तेव्हा तो काय सांगत असेल? ‘सुटलो’ असंच ना. हा शब्द फार वाईट आहे. सुटला म्हणजे काहीतरी केलं असणार पण पुरावा मिळाला नाही, वकील चांगला मिळाला, वरून फोन आला, असं ऐकणाऱ्याच्या मनात येतं. त्याने जे सांगायला हवं ते वेगळं आहे: तो मी नव्हतोच. पण हे त्याने स्वतः सांगून त्याला फारशी किंमत येत नाही, कारण आरोपी तसंच म्हणणार असं लोक धरून चालतात. हे वाक्य ज्याच्या तोंडून वजनदार वाटेल असा एकच माणूस आहे, आणि ती तुम्ही आहात. बोट तुमचं होतं, ते मागे घेतल्याची नोंदही तुमच्याच सहीने व्हायला हवी. पाया पडण्याआधीचं काम हे आहे.

ही नोंद नुसती शोभेची नसते. इंग्लंडमध्ये ॲडॉल्फ बेक नावाच्या माणसाला १८९६ साली बायकांना फसवून दागिने लुबाडल्याबद्दल शिक्षा झाली. एकामागून एक बायका येऊन हाच तो म्हणून सांगून गेल्या. १९०१ मध्ये तो सुटला (पाहा, पुन्हा तोच शब्द), आणि १९०४ मध्ये तशाच गुन्ह्यात पुन्हा पकडला गेला, पुन्हा बायकांनी ओळखलं, पुन्हा दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याआधीच खरा भामटा दुसरीकडे सापडला म्हणून बेक वाचला. पहिली चूक कागदावर तशीच राहिली होती, दुसरी तिच्यावरच उभी राहिली. तुमच्या चार नंबरचा फोटो त्या सहांत मुळात कुठून आला, हे मला माहीत नाही. पण तो फोटो अजून कुठल्या तरी अल्बममध्ये असेल, आणि त्याच्यापुढे आता ‘साक्षीदाराने ओळखले’ अशी ओळही जोडलेली असेल. पुढच्या वेळी कुणाची पर्स गेली की तो अल्बम उघडला जाणार.

म्हणून आधी स्वतःचा वकील गाठा. पोलिसांचा नको, त्याचाही नको, तुमचा. तुम्हाला भीती वाटत असेल की चूक कबूल केली तर आपल्यावरच खोट्या साक्षीचा गुन्हा येईल. साधारण सगळीकडे कायदा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. खोटी साक्ष म्हणजे खोटं आहे हे ठाऊक असूनही शपथेवर सांगणं, आणि प्रामाणिकपणे चुकणं म्हणजे ते नव्हे. तरी सही करण्याआधी तुमच्या इथला वकील काय म्हणतो ते ऐकाच. मग तपास अधिकाऱ्यांकडे पुरवणी जबाब द्या किंवा प्रतिज्ञापत्र करा, जे त्यांना योग्य वाटेल ते. त्यात ‘माझा गैरसमज झाला’ एवढी एक ओळ लिहून थांबू नका. फोटो एकदम मांडले होते की एकेक दाखवले? दाखवणाऱ्याला संशयित कोण ते ठाऊक होतं का? ‘यात तो नसेलही’ असं आधी कुणी सांगितलं होतं का? किती वेळ लागला, तोंडून पहिले शब्द कोणते निघाले, नंतर कोण काय बोललं? आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. गाळलेल्या जागा आता सुबक भरू नका, एकदा भरून झाल्या आहेत. त्याला भरपाई मागायची असेल, नोकरी परत मिळवायची असेल, आपला फोटो आणि नोंद काढून टाकायला लावायची असेल, तर या कागदाचा त्याला उपयोग होईल. त्याची एक प्रत त्याच्या वकिलाकडे जाईल अशी व्यवस्था करा.

असं लिहिताना तुम्हाला कदाचित पोलिसांचा राग येईल. येऊ द्या, तो अस्थानी नाही. फोटो दाखवणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं, साक्षीदाराची खात्री तिथल्या तिथे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावी, अशा शिफारशी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१४ मध्ये केल्या. त्याच्याही कितीतरी आधी, १९७६ पासून, इंग्लंडमधल्या न्यायाधीशांना ओळखीवरच उभ्या असलेल्या खटल्यात ज्यूरीला बजावावं लागतं, की ठामपणे बोलणारा साक्षीदारही चुकू शकतो, आणि असे अनेक साक्षीदार एकदमही चुकू शकतात. म्हणजे हे गुपित नव्हतं. फक्त जबाबात राग लिहू नका, घडलं ते लिहा. राग वाचला की वाचणारा तुमचीच उलटतपासणी सुरू करतो.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी आहे तिच्याकडे येते. तुम्ही तिचा उल्लेखच केलेला नाही. खऱ्या चोराचा खटला उभा राहील आणि तुम्हाला साक्षीला बोलावतील. तिथे कुणीतरी विचारेल, तुमच्यावर चाकू धरणारा माणूस इथे आहे का? तेव्हा हात आपोआप वर जाईल. या वेळी बरोबर माणूस आहे, कबुली आहे, पर्स सापडली आहे, आणि पहिल्या चुकीची भरपाई करण्याची घाई तुम्हाला झालेली आहे. पण तुम्हीच मला लिहिलंय की त्याचा चेहरा परका वाटतो. तेव्हा कोर्टातही तेच सांगा: मी याला चेहऱ्यावरून ओळखू शकत नाही, पर्स आणि ओळखपत्र माझंच आहे हे सांगू शकते. केस ढिली पडेल अशी भीती कुणी घातली तरी. वस्तू सापडली आहे ती तिच्या पायावर उभी राहील. दुसऱ्यांदा बोट दाखवलंत आणि ते योगायोगाने बरोबर निघालं, तरी तुम्ही पहिल्या वेळी केलं तेच पुन्हा केलेलं असेल.

त्याच्या घरी का जाऊ नका, याचं एक कारण हा खटलाच आहे. साक्षीदार असताना तुम्ही त्याच्याकडे जाऊन आलात हे उद्या कोर्टात भलत्या रंगात दाखवता येतं. वकिलाला विचारल्याशिवाय थेट संपर्क नको. पण खटला नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. दार कोण उघडेल याचा विचार करा. मुलं उघडतील. शेजारी बघतील, ही कोण, असं विचारतील, आणि जे प्रकरण त्याने कसंबसं मिटवत आणलंय ते पुन्हा दारात येईल. तुम्ही खाली वाकाल आणि त्याला तुम्हाला उठवावं लागेल. चारचौघांत तो ‘असू द्या, असू द्या’ याशिवाय दुसरं काय म्हणणार? मनात काहीही असलं तरी. ६३ दिवस त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि आता रागावण्याची मुभाही तुम्ही काढून घ्याल. पैशाचं पाकीट घेऊन तर मुळीच जाऊ नका. ज्यांनी त्याला आत ठेवलं त्यांनी भरपाई द्यायची असते. तुम्ही दिलेले पैसे तोंड बंद ठेवण्याचे दिसतील.

पत्र लिहा. जबाब नोंदवून झाल्यावर, वकिलामार्फत, त्याच्या वकिलाच्या हाती. लहान ठेवा. मी तुम्हाला ओळखलं ते चुकीचं होतं, तुम्ही तो माणूस नव्हता, हे मी अमुक तारखेला लेखी नोंदवलं आहे, सोबत प्रत आहे. तुमच्यावर आणि घरच्यांवर जे ओढवलं त्याचं मला वाईट वाटतं. तुमच्या मालकांना किंवा आणखी कुणाला माझ्याकडून लेखी हवं असेल तर वकिलामार्फत कळवा, मी देईन. याला उत्तर द्यायची गरज नाही. बस्स. चाकू, अंधार, पोलिसांचे फोटो, तुमची उडालेली झोप, यातलं काही त्यात येऊ देऊ नका. ते सगळं खरं आहे, पण त्याच्या हाती पडलं की ती सबब होते. ‘क्षमा करा’ असंही मागू नका. शेवटी प्रश्नचिन्ह आलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

उत्तर कदाचित येणार नाही. शिव्याही येतील. थॉम्पसन आणि कॉटन सुटकेनंतर दोन वर्षांनी भेटले, त्याने तिला कधीच माफ केलं होतं, आणि पुढे दोघं मिळून चुकीच्या ओळखीविषयी जाहीर व्याख्यानं देऊ लागले. ही गोष्ट खरी आहे आणि फार मोठी आहे, म्हणूनच ती मी तुम्हाला जरा बिचकत सांगतेय. कॉटनने केलं म्हणून तुमच्या माणसाने करावं असा काही हिशेब नाही.

तुमच्या स्वतःबद्दल थोडंच लिहिते, पण ते विसरू नका. तुमच्यावर कुणीतरी चाकू धरला होता. तुम्ही ओळखलेला माणूस चुकीचा निघाल्यापासून ही गोष्ट सगळेच विसरले आहेत, तुम्हीही. अकरा महिने झोप नसेल तर एखाद्या समुपदेशकाकडे जा आणि आधी त्या रात्रीबद्दल बोला, या माणसाबद्दल नंतर. तो चेहरा जाईल की नाही हे मी सांगू शकत नाही. तो दिसला की ‘हा तो नव्हता’ असं मनात म्हणायचं, इतकंच मला सुचतं. उजळणीने चुकीची आठवण पक्की होऊ शकते, तर दुरुस्तीचीही उजळणी करून बघायला हरकत नाही.

आजच एक वही घ्या आणि त्या सहा फोटोंबद्दल आठवेल ते लिहून काढा. कुणाशी बोलण्याआधी, घरच्यांशीही नाही, कारण बोललं की त्यात त्यांचे शब्द मिसळतात. तारीख घाला, सही करा, वकिलाकडे जाताना सोबत न्या. त्यानंतर मला पुन्हा लिहिलंत तर बरं वाटेल, आणि त्या पत्रात चार नंबरवर बोट ठेवायला किती वेळ लागला होता तेही लिहा.